सगळेच मनाने वाजवतात, मग संगीतकार काय करतो?

जॅझचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. जॅझमध्ये म्हणे जो तो आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. मग रेकॉर्डच्या वेष्टनावर 'संगीतकार' म्हणून एकाचंच नाव का? तिघा-चौघांनी एकमेकांकडे बघत काहीतरी जमवलं हे एक वेळ समजू शकतं. पण ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असे पंधरा वादक एकदम मनाला येईल ते वाजवू लागले, तर वरातीतला गोंधळ बरा म्हणायची वेळ येईल. आणि तसं होत नसेल, सगळं आधी लिहूनच ठेवलेलं असेल, तर मग प्रेक्षकांसमोर केलेल्या 'लाइव्ह' रेकॉर्डिंगचं एवढं कौतुक कशासाठी?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. त्यासाठी आपण एक रेकॉर्ड हाताशी घेऊ: ड्यूक एलिंग्टनच्या बँडचा 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' हा १९५६ सालचा अल्बम. पण तिथे पोचण्याआधी दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतील.

१. हिशोबाचं संगीत

चंदीगड आखणारा ल कॉर्बुझिए म्हणजे काटकोनांचा भोक्ता. सेक्टर कुठे संपायचा, कुठल्या रस्त्यावर कुठली वाहनं धावायची, सगळं आधी कागदावर. हाच माणूस १९३५ साली न्यू यॉर्कला गेला आणि लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटवर फिदा झाला. १९३७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्याने जॅझचं नातं थेट मॅनहॅटनच्या उंच इमारतींशी जोडलं. शिस्तीच्या माणसाने बेशिस्त संगीताच्या प्रेमात पडावं, हे आपल्याला गमतीचं वाटतं. त्याला मात्र त्या संगीतात बेशिस्त दिसलीच नव्हती. त्याला दिसला होता पक्का हिशोब.

हा हिशोब आपल्यालाही सहज कळण्यासारखा आहे. ख्यालाची बंदिश चार-सहा ओळींची असते आणि गवई तिच्यावर पाऊण तास गातो. त्या पाऊण तासात तो मोकळा असतो, पण राग आणि ताल सोडून जात नाही. जॅझमधल्या वादकाचं स्वातंत्र्य साधारण याच जातीचं आहे. फरक एवढाच की रागाच्या जागी तिथे स्वरसंघांचा, म्हणजे 'कॉर्ड्‌स'चा, ठरलेला क्रम असतो. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकाच वेळी वाजवून तयार होणारा एक गुच्छ.

२. अठ्ठेचाळीस मात्रांची फेरी

जॅझमधला एक अतिशय प्रचलित साचा म्हणजे 'ब्लूज'. त्यात चार मात्रांचा एक 'बार' आणि बारा बारांची एक फेरी. या फेरीला जॅझवाले 'कोरस' म्हणतात.

१२ गुणिले ४ म्हणजे ४८ मात्रा. आपला त्रिताल १६ मात्रांचा. म्हणजे ब्लूजचा एक कोरस बरोबर त्रितालाच्या तीन आवर्तनांएवढा झाला.

आता कॉर्ड्‌सचा क्रम पाहू. पहिले चार बार षड्जावर उभारलेली कॉर्ड. पुढचे दोन मध्यमावरची. मग दोन बार पुन्हा षड्ज. नवव्या बाराला पंचमावरची कॉर्ड येते आणि शेवटच्या दोन बारांत परत षड्जावर घरी. वादक कुठेही भरकटला तरी पंचमाची कॉर्ड ऐकू आली की त्याला कळतं, आता परतायचं. आपल्याकडे तबल्याचा ठेका समेकडे घेऊन जातो, इथे ते काम ठेक्याच्या जोडीने कॉर्ड्‌स करतात. बारांची आणि कॉर्ड्‌सची ही चौकट सर्वांना पाठ असते, म्हणूनच एक जण तिच्यावर मोकळा सुटू शकतो.

३. पंधरा जण बसतात कसे

मोठ्या जॅझ वाद्यवृंदाला 'बिग बँड' म्हणतात. १९५६ साली एलिंग्टनच्या बँडमध्ये चार ट्रम्पेट होते, तीन ट्रॉम्बोन आणि पाच सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवाले. शिवाय ताल-आधाराचे तिघे: पियानोवर खुद्द एलिंग्टन, बासवर जिमी वुड आणि ड्रम्सवर सॅम वुडयार्ड. बेरीज पंधरा.

एका जातीच्या वाद्यांचा गट म्हणजे 'सेक्शन'. पाच सॅक्सोफोन एकच चाल वेगवेगळ्या उंचीच्या सुरांत एकदम वाजवतात, तेव्हा ती ऐकायला एकाच जाड आवाजासारखी वाटते. ट्रम्पेट काही विचारतात, सॅक्सोफोन उत्तर देतात. एक जण पुढे येऊन मनाने वाजवतो, त्याला 'सोलो' म्हणायचं. तेव्हा त्याच्या मागे बाकीचे एखादा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. हा तुकडा म्हणजे 'रिफ'. तबल्याच्या एकल वादनात मागे पेटीवर लेहरा चालू असतो, तेच काम रिफ करतो. शिवाय बँड जसजसा रिफचा जोर वाढवतो, तसतशी सोलो करणाऱ्याला उसळी मिळते.

कुणी काय वाजवायचं, कुणी गप्प बसायचं, रिफ कितव्या बाराला सुरू करायचा, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. या लिखाणाला 'अरेंजमेंट' म्हणतात. तर पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे: पंधरा जण एकदम मनाने वाजवत नाहीत. बहुतेक वेळ चौदा जण लिहिलेलं वाजवतात किंवा स्वस्थ बसतात, आणि एकासाठी मोकळी जागा सोडलेली असते.

४. माणूस बघून लिहिलेले सूर

उरलेलं अर्धं उत्तर एलिंग्टनने दिलं. साधारण अरेंजर 'दुसरा ट्रम्पेट' असं लिहून खाली सूर मांडतो. खुर्चीवर कोण बसणार याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. एलिंग्टन माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहायचा. हॅरी कार्नी हा त्याचा बॅरिटोन सॅक्सोफोनवाला १९२७ साली बँडमध्ये आला, तो १९७४ साली एलिंग्टन वारला तोवर तिथेच होता. इतकी वर्षं ज्याचा आवाज ऐकला, त्याच्यासाठी लिहिताना वाद्य आणि माणूस वेगळे उरत नाहीत. कूटी विल्यम्स या ट्रम्पेटवादकासाठी तर एलिंग्टनने १९४० साली 'कॉन्चेर्टो फॉर कूटी' अशी त्याच्या नावाचीच रचना केली.

त्याच्या बँडमधले ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले नळ दुरुस्त करणाऱ्यांकडची रबरी वाटी वाद्याच्या तोंडाशी धरायचे. वाटी मिटली की आवाज दबतो, उघडली की फुटतो. उघडझाप करत वाजवलं की ते पितळी वाद्य माणसासारखं कुरकुरतं, हुंकारतं. हा आवाज नोटेशनच्या रेघांवर मांडता येत नाही. तो काढणारा माणूस बँडमध्ये असावा लागतो.

आणखी एक उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. १९३० सालच्या 'मूड इंडिगो' या रचनेच्या सुरुवातीला तीन वाद्यं एकत्र वाजतात: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट. रूढ पद्धतीत सर्वांत वर क्लॅरिनेट, मध्ये ट्रम्पेट आणि खाली ट्रॉम्बोन ठेवायचा. ज्याचा आवाज नैसर्गिकपणे जिथला, तिथे त्याला बसवायचं. एलिंग्टनने क्लॅरिनेटला पार तळाशी पाठवलं. ट्रॉम्बोनला त्याच्या नेहमीच्या पट्टीच्या वर चढवून ट्रम्पेटच्या खाली नेऊन ठेवलं आणि दोघांचीही तोंडं बुचं लावून दाबली. तिघंही आपापल्या अवघड जागी वाजवतात आणि त्यातून असा एक धूसर आवाज तयार होतो की कुठलं वाद्य कोणतं हे पटकन ओळखू येत नाही.

सूर तेच, कॉर्ड्‌स त्याच, फक्त जागा बदलल्या. संगीतकार काय करतो, याचं याहून नेमकं प्रात्यक्षिक मिळणं कठीण.

५. ७ जुलै १९५६ ची रात्र

अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावी १९५४ पासून जॅझ महोत्सव भरत होता. १९५६ पर्यंत एलिंग्टनचे दिवस फिरले होते. मोठे बँड पोसणं परवडेनासं झालं होतं, लोक त्याला जुन्या जमान्यातला समजू लागले होते. त्या शनिवारी त्याच्या बँडने सुरुवातीला थोडं वाजवलं, तेही चार वादक जागेवर नसताना. मग बाकीच्यांचे कार्यक्रम होईपर्यंत त्यांना तासन्‌तास थांबावं लागलं. पुन्हा मंचावर आले तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती आणि श्रोते उठू लागले होते.

एलिंग्टनने १९३७ सालची जुनी रचना काढली: 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'. पहिल्या भागात आवाज हळूहळू उतरत जातो, दुसऱ्या भागात चढत जातो. १९३७ साली ती ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या दोन बाजूंवर विभागून निघाली होती, कारण एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. दोन भागांमधला सांधा मोकळाच होता. तिथे एलिंग्टनने पॉल गोन्साल्विस या टेनर सॅक्सोफोनवादकाला उभं केलं.

गोन्साल्विस हे आडनाव वाचून आपल्याला गोवा आठवणं साहजिक आहे. हा गडी मात्र अमेरिकेत जन्मलेला, आणि त्याचं घराणं मूळचं आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांवरचं. गोवा आणि केप व्हर्डे दोन्हीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून आडनाव एकच.

त्याने २७ कोरस वाजवले. आपला हिशोब लावू: २७ गुणिले ४८ म्हणजे १,२९६ मात्रा, अर्थात त्रितालाची ८१ आवर्तनं. मिनिटाला साधारण २०० ठोक्यांच्या गतीने, सहा मिनिटांहून जास्त वेळ, एकट्याने. मागे मुख्यतः बास आणि ड्रम्स, अधूनमधून एलिंग्टनचा पियानो. बाकीचे अकरा जण वाद्यं खाली ठेवून ओरडून त्याला प्रोत्साहन देत होते. सुरुवातीचे काही कोरस प्रेक्षक शांत आहेत. मग एक बाई उठून नाचू लागली, आजूबाजूचे उभे राहिले, आणि रेकॉर्डवर गर्दीचा आवाज फेरीगणिक फुगत जाताना ऐकू येतो. दंगल होईल या धास्तीने आयोजक एलिंग्टनला थांबायच्या खुणा करू लागले. एलिंग्टनने वादन थांबवलं नाही. त्याने जॉनी हॉजेस या आल्टो सॅक्सोफोनवादकाला पुढे काढलं आणि संथ रचना घेऊन जमाव आवरला.

आता पाहा: गोन्साल्विसचे ते १,२९६ ठोके एलिंग्टनने लिहिलेले नाहीत. तरी ही रचना एलिंग्टनचीच. उतार आणि चढ यांच्यामधली जागा त्याने ठेवली, तिथे कुणाला उभं करायचं हे त्याने ओळखलं, आणि सोलोनंतर सगळा बँड लिहिलेला चढ चढत जाईल याची तजवीज त्याने एकोणीस वर्षांपूर्वी करून ठेवली होती. पुढच्याच महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र झळकलं.

६. 'लाइव्ह' किती लाइव्ह?

अल्बमची गोष्ट इथे संपत नाही. त्या रात्री मंचावर दोन मायक्रोफोन होते: एक कोलंबिया रेकॉर्ड कंपनीचा, दुसरा 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीचा. गोन्साल्विस वाजवत राहिला तो नभोवाणीच्या मायक्रोफोनमध्ये. परिणामी कोलंबियाच्या टेपवर ज्याच्यासाठी रेकॉर्ड गाजली, तोच लांबून वाजवल्यासारखा ऐकू येतो.

शिवाय एलिंग्टन आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी महोत्सवासाठी खास बांधलेली नवी रचना तालमीअभावी त्या रात्री नीट बसली नव्हती. दोन दिवसांनी, ९ जुलैला, बँडला न्यू यॉर्कच्या स्टुडिओत नेऊन तिचा बराच भाग पुन्हा वाजवून घेतला, वर टाळ्यांचा आवाज चढवला आणि अल्बम 'लाइव्ह' म्हणून बाजारात आला. २७ कोरस मात्र खरोखर त्या रात्रीचेच.

चाळीसेक वर्षांनी नभोवाणीची टेप हाती लागली. दोन्ही टेप एकाच वादनाच्या, पण मायक्रोफोन वेगळ्या जागी. एक डाव्या कानाला आणि एक उजव्या कानाला दिली तर मंचाची रुंदी ऐकू येईल, असा विचार करून त्या जोडल्या गेल्या. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. समजा, दोन यंत्रांच्या वेगात हजारात एकाचा फरक आहे. सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद. शेवटाला दोन टेपांत ०.३६ सेकंदाचं अंतर पडेल. मिनिटाला २०० ठोके असतील तर एक ठोका ०.३ सेकंदाचा. म्हणजे एका कानाला सम आणि दुसऱ्याला त्यापुढची मात्रा! म्हणून तुकड्यातुकड्याने वेग जुळवावा लागतो. अशी जुळवलेली संपूर्ण आवृत्ती १९९९ साली निघाली.

७. मुंबईत हेच कसं घडलं

बिग बँड मुंबईला नवा नव्हता. १९३५ साली लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि पुढची काही वर्षं तिथे परदेशी वादकांची ये-जा राहिली. त्यांच्याकडून इथल्या गोव्याच्या वादकांनी जॅझ उचललं. चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला ते लहानपणीच शिकलेले असत, म्हणून अरेंजमेंटचा कागद समोर आला की ते अडत नसत.

यांतलाच एक ट्रम्पेटवादक हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सिनेसंगीतकार सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरलं. भगवानदादांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) चिकचा बँड पडद्यावरही दिसतो. त्या गाण्यांतले ट्रम्पेट नुसते ऐकून सोडू नका. एक सेक्शन विचारतो आणि दुसरा उत्तर देतो, ते मोजा. 'अलबेला' पाहिलेल्या मराठी माणसाने बिग बँड ऐकलेला आहे, त्याला ते ठाऊक नाही इतकंच.

सिनेमाचं गाणं त्या काळी एका अर्थी 'लाइव्ह'च व्हायचं. गायक आणि सगळे वादक एकत्र वाजवत. शेवटच्या ओळीत कुणी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पण तीन मिनिटांच्या गाण्यात मोकळ्या जागेला वाव फार कमी. दिवसा स्टुडिओत लिहिलेलं जसंच्या तसं वाजवायचं आणि रात्री हॉटेलात मनासारखं, अशी या वादकांची दुहेरी नोकरी होती.

त्यातल्या एकाला कागदावरच काही मोठं करून दाखवायचं होतं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात भल्यामोठ्या वाद्यवृंदासह स्वतःच्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. ते जॅझ नव्हतं, रागांवर बांधलेलं सिंफनीच्या धाटणीचं संगीत होतं. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूंचं नाव देशभर पोचवलं.

एलिंग्टन स्वतः १९६३ साली अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर बँड घेऊन भारतात आला. दिल्लीत तो आजारी पडला तेव्हा स्ट्रेहॉर्नने बाजू सांभाळली. पुढे बँड मुंबईतही वाजला. या दौऱ्यातून 'फार ईस्ट स्वीट' हा अल्बम जन्मला. तो डिसेंबर १९६६ मध्ये स्टुडिओत रेकॉर्ड झाला. त्यात दिल्लीच्या मैनेवर एक रचना आहे आणि पक्ष्याची लकेर जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटला दिली आहे. आग्र्यावरच्या रचनेत पुढे आहे हॅरी कार्नीचा बॅरिटोन. इथेही माणसं आधी ठरली आहेत.

१९६८ साली शंकर-जयकिशन यांनी 'रागा जॅझ स्टाइल' हा अल्बम काढला. अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो, तबल्यावर रमाकांत. सुरुवात तोडीने, शेवट भैरवीने. हाही स्टुडिओतलाच. अरेंजमेंट चोख आहे, पण तुकडे छोटे. सतार रंगात येते न येते तोच पुढचा तुकडा येऊन तिला उठवतो. न्यूपोर्टनंतर हा ऐकला की मोकळी जागा किती सोडायची, हा निर्णय किती मोठा असतो ते लक्षात येतं.

८. ऐकताना काय करायचं

पहिल्यांदा ऐकताना सोलोच्या मागे लागू नका. हाताने ठोके मोजा; चारचे बारा गट झाले की बोट दुमडा. दोन-तीन फेऱ्यांत कॉर्ड बदलल्याची जागा आपोआप कळायला लागेल. दुसऱ्यांदा ऐकताना सोलो करणाऱ्याच्या मागे कोण वाजवतंय आणि कोण गप्प आहे, तेवढंच पाहा. संगीतकार तिथे सापडतो. तिसऱ्यांदा गर्दीचा आवाज ऐका, आणि तो वाढल्यावर बँड काय बदलतो ते टिपा.

न्यूपोर्टचा अल्बम मिळवणार असाल तर १९९९ ची दोन सीडींची आवृत्तीच घ्या. तिच्यात मंचावरचं आणि स्टुडिओतलं वादन वेगवेगळं दिलं आहे. कुठलं खरं, कुठलं सजवलेलं हे आपल्या कानांनी ठरवता येतं, आणि गोन्साल्विसचा सॅक्सोफोन अखेर जवळून ऐकू येतो.